परकोट, नझूल आणि झुडपी जंगल : चंद्रपूरच्या झोनिंगचा इतिहास कसा वाचायचा?

मागच्या काही महिन्यांत पीएचडीची तयारी करणाऱ्या अनेकांनी एक प्रश्न विचारला. नगररचनेचे नियम हा इतिहासाचा विषय होऊ शकतो का? एफएसआय, सामासिक अंतर, रस्त्याची रुंदी हे सगळं तर आर्किटेक्ट आणि बिल्डर लोकांचं काम. त्यात इतिहासवाल्यांनी काय शोधायचं?

माझं उत्तर असं आहे की शहराचे नियम हे त्या शहराच्या सत्तेचं सगळ्यात कोरडं आणि म्हणूनच सगळ्यात प्रामाणिक दफ्तर असतं. कुणाला कुठे राहू द्यायचं, कुणी कुठे दुकान थाटायचं, कुणाचं घर 'अधिकृत' आणि कुणाचं 'अतिक्रमण', हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. हे समजून घ्यायला मुंबई-पुण्याकडे बघायची गरज नाही. चंद्रपूर हे फार चांगलं उदाहरण आहे, आणि सोबत गडचिरोली घेतलं की चित्र पूर्ण होतं.

३ डिसेंबर २०२० पासून महाराष्ट्राच्या बहुतेक शहरांना एकच नियमावली लागू झाली. तिचं नाव एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली. बोलताना सगळे 'युडीसीपीआर' म्हणतात. मुंबई, एमआयडीसीची क्षेत्रं, इको-सेन्सिटिव्ह क्षेत्रं असे काही अपवाद सोडले तर ठाण्यापासून गडचिरोलीपर्यंत एकच पुस्तक. कागदावर ही मोठी सोय आहे. पण हे पुस्तक कुठल्याही शहरात कोऱ्या जमिनीवर उतरत नाही. चंद्रपुरात ते आलं तेव्हा तिथे आधीच वेगवेगळ्या काळातल्या चार-पाच रेषा आखलेल्या होत्या. त्या रेषा कुणी, कधी, कशासाठी आखल्या, हाच आजच्या लेखाचा विषय.

आधी संकल्पना स्पष्ट करू

झोनिंग म्हणजे जमिनीचे वापरानुसार पट्टे पाडणं. इथे राहायचं, इथे धंदा, इथे कारखाना, इथे शेती. आधुनिक अर्थाने याची सुरुवात साधारणपणे जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या १८९१ च्या नियमांपासून धरतात. न्यूयॉर्कने १९१६ मध्ये शहरभर झोनिंग लागू केलं आणि १९२६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'युक्लिड विरुद्ध ॲम्बलर रिअल्टी' खटल्यात ते वैध ठरवलं. त्यामागे दोन गोष्टी एकत्र होत्या. एक, कारखान्याचा धूर आणि घाण घरापासून लांब ठेवायची. दुसरी, जी उघडपणे कमी बोलली जायची : चांगल्या वस्तीतल्या घरांच्या किमती आणि तिथल्या लोकांची 'जात' टिकवायची. जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये या विचारावर जोरदार टीका केली. घर, दुकान, कारागिरी एका गल्लीत असणं हेच जिवंत शहराचं लक्षण आहे, असं त्यांचं म्हणणं.

परीक्षेत हे लिहिलं की मार्क मिळतात. पण संशोधनात इथेच एक सापळा आहे. आपण हा पाश्चात्त्य क्रम घेतो आणि 'भारतात झोनिंग उशिरा आलं' असं लिहून मोकळे होतो. चंद्रपूर बघितलं की कळतं, झोनिंग हा शब्द उशिरा आला. जमिनीवर रेषा आखून कोण कुठे, हे ठरवणं फार जुनं आहे.

पहिली रेषा : परकोट

चांद्याच्या गोंड राजांनी राजधानीभोवती दगडी परकोट बांधला. त्याची लांबी आज सुमारे ११ किलोमीटर सांगितली जाते. चार दरवाजे : उत्तरेला जटपुरा, शिवाय बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर. त्याशिवाय पाच खिडक्या. पश्चिमेला इरई, पूर्वेकडून झरपट, आणि दक्षिणेला दोघींचा संगम. म्हणजे शहर दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेलं. भिंत शत्रूसाठी होती तशीच पुराच्या पाण्यासाठीही होती, ही गोष्ट पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

एकोणिसाव्या शतकातली इंग्रजी गॅझेटियरं वाचली तर एक गंमत दिसते. परकोटाच्या आत शेतं आणि सुटी-सुटी गावं असल्याचं त्यांत वर्णन आहे. म्हणजे भिंत शहरापेक्षा मोठी होती. १९०१ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या जेमतेम १८ हजार होती. २०११ मध्ये ती ३ लाख २० हजारांच्या घरात गेली. मधल्या शंभर वर्षांत आतली शेतं संपली, आणि भिंतीला लागून दोन्ही बाजूंनी घरं उभी राहिली. भिंत म्हणजे तयार मागची बाजू. गरीब माणसाला तीन भिंती बांधल्या की घर.

आता २०१० कडे या. त्या वर्षी प्राचीन स्मारकांच्या केंद्रीय कायद्यात दुरुस्ती झाली. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर हा 'प्रतिबंधित' पट्टा आणि त्यापुढचे २०० मीटर 'विनियमित' पट्टा, हे कायद्यातच आलं. (त्याआधी १९९२ च्या अधिसूचनेने हीच अंतरं होती, पण मध्येमध्ये परवानग्या दिल्या जात.) प्रतिबंधित पट्ट्यात नवीन बांधकाम बंद. १६ जून १९९२ च्या आधीच्या घराची दुरुस्ती करायची, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा.

हा नियम एखाद्या देवळासाठी किंवा समाधीसाठी ठीक वाटतो. पण चंद्रपुरात स्मारक म्हणजे ११ किलोमीटर लांब भिंत आहे. साधं गणित करा. ११ किलोमीटर गुणिले दोन्ही बाजू मिळून २०० मीटर म्हणजे २.२ चौरस किलोमीटर, २२० हेक्टर. यातला काही भाग नदीपात्रात जातो, वळणांवर पट्टे एकमेकांवर येतात, म्हणून आकडा अंदाजाचाच धरा. तरी अर्थ स्पष्ट आहे. जुन्या शहरातला मोठा हिस्सा महापालिकेच्या झोननकाशात 'निवासी' आहे आणि दुसऱ्या कायद्याच्या नकाशात 'बांधकाम बंद' आहे.

यात वाईट कुणी नाही, हे संशोधकाने आधी मान्य करावं. भिंत खरोखर ढासळत होती, झाडाझुडपांनी भरली होती. २०१७ पासून इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या तरुणांनी अनेक महिने श्रमदान करून ती साफ केली, तेव्हा कितीतरी चंद्रपूरकरांना ती पहिल्यांदा नीट दिसली. दुसरीकडे भिंतीजवळ राहणाऱ्या कुटुंबाचं छप्पर गळतंय, मुलगा लग्नाचा झाला, वर एक खोली हवी. दोघांचंही म्हणणं खरं आहे. इतिहासकाराचं काम निवाडा देणं नाही. भिंतीचा अर्थ संरक्षणापासून वारशापर्यंत बदलला, तेव्हा तिच्या सावलीत राहणाऱ्यांच्या हक्कांचं काय झालं, हे त्याने विचारायचं.

दुसरी रेषा : नझूल

१७५१ मध्ये चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेलं आणि त्यांचं राज्य खालसा झाल्यावर १८५४ मध्ये इंग्रजांकडे. नगरपालिका १८६७ ची. मेजर ल्यूसी-स्मिथ यांचा जमीन महसुलाच्या बंदोबस्ताचा अहवाल १८६९ चा. या दोन तारखा शेजारी-शेजारी ठेवा. शहर 'स्वच्छ' करणारी संस्था आणि जमीन 'मोजणारा' अहवाल दोन वर्षांच्या अंतराने आले.

मोजणीत ज्या शहरी जमिनीवर कुणाचा हक्क सिद्ध झाला नाही ती सरकारची. तिचं नाव नझूल. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांना हा शब्द फारसा माहीत नसतो, पण विदर्भात प्लॉट घेताना पहिला प्रश्न हाच : नझूलचा आहे की मालकीचा? मिळकतीचा कागद म्हणजे 'आखीव पत्रिका'. पत्ता लिहिताना वॉर्ड, शीट नंबर, प्लॉट नंबर. सरकार मालक आणि रहिवासी पट्टेदार. पट्टा ठरावीक वर्षांचा, ठरावीक कारणासाठी, भुईभाडं भरून.

इथे झोनिंगचा मुद्दा येतो. पट्ट्यावर जमीन 'राहण्यासाठी' दिली असेल आणि तुम्ही पुढच्या खोलीत किराणा दुकान काढलं, तर तो शर्तभंग. म्हणजे मुंबई इलाख्यात १९१५ चा नगररचना कायदा आला तेव्हा तो मध्य प्रांतातल्या चांद्याला लागू नव्हता, तरी इथे जमिनीचा वापर ठरवणारं एक यंत्र आधीपासून चालू होतं. ते नगररचनेच्या खात्यात नव्हतं, महसूल खात्यात होतं. संशोधनासाठी ही फार कामाची गोष्ट आहे. 'झोनिंग' असं लेबल लावलेल्या फाइलीच शोधत बसलात तर १९६६ च्या आधी काहीच सापडणार नाही. नझूलच्या फाइली काढल्या तर शंभर वर्षांचा इतिहास सापडतो.

जटपुरा दरवाज्याच्या बाहेर, उत्तरेला, सिव्हिल लाइन्स वसली. आत दाट वस्ती आणि बाजार, बाहेर मोकळे बंगले आणि कचेऱ्या. कुठल्याही नियमात 'आत देशी, बाहेर साहेब' असं लिहावं लागलं नाही. प्लॉटच्या आकाराने ते आपोआप झालं. आजही महात्मा गांधी रोड आणि कस्तुरबा रोड या दोन रस्त्यांवर जुन्या शहराचा सगळा बाजार तोलला जातो आणि वाहतूक जटपुरा दरवाज्यापाशी येऊन अडते. त्या कोंडीचं मूळ या जुन्या विभागणीत आहे.

नझूलचा प्रश्न अजून चालूच आहे. २०१९ मध्ये शासनाने नागपूर आणि अमरावती विभागातल्या नझूल जमिनी रक्कम भरून पूर्ण मालकीच्या करून घेण्याची वाट खुली केली. ज्याच्याकडे चालू पट्टा आणि पैसे आहेत त्याला ती उपयोगाची. पट्टाच नसलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या नझूलवर राहणाऱ्या माणसाला आधी 'अतिक्रमक' या शब्दातून बाहेर पडावं लागतं.

तिसरी रेषा : कोळसा आणि वीज

जिल्ह्यात कोळशाची पहिली मोठी खाण वरोऱ्याला १८७० च्या दशकात सुरू झाली. पुढे बल्लारपूर, मग चंद्रपूर शहराच्या अगदी अंगाला महाकाली, रयतवारी, हिंदुस्थान लालपेठ. १९७३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स आली. १९८० च्या दशकात औष्णिक वीज केंद्राचे संच सुरू झाले. आज त्याची क्षमता २९२० मेगावॅट आहे.

खाणीचेही स्वतःचे झोन असतात, फक्त ते जमिनीखाली असतात. २०१७ पर्यंत लागू असलेल्या १९५७ च्या कोळसा खाण विनियमांनुसार इमारत, रस्ता, रेल्वे यांच्यापासून ४५ मीटरच्या आत खाणकाम करायचं तर खाण सुरक्षा खात्याची परवानगी लागायची. १९५७ च्याच कोळसाधारक क्षेत्रांच्या कायद्याने केंद्र सरकार थेट जमीन संपादन करू शकतं. महापालिकेचा विकास आराखडा या दोन्ही नकाशांपुढे फारसं काही करू शकत नाही. वर 'निवासी' आणि खाली पोकळ, अशी स्थिती येऊ शकते. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं. खाली जुनी भूमिगत खाण होती. घरातले लोक वेळेवर बाहेर पडले म्हणून वाचले. त्या घराची जागा कुठल्या झोनमध्ये होती, हा प्रश्न त्या क्षणी निरर्थक होता.

धुराचंही तसंच. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचा सर्वंकष प्रदूषण निर्देशांक काढला. चंद्रपूरला ८३.८८ गुण आणि देशात चौथा क्रमांक. जानेवारी २०१० मध्ये अशा अतिप्रदूषित क्षेत्रांत नवीन प्रकल्पांवर बंदी आली. फ्रँकफर्टपासून आलेला झोनिंगचा मूळ हेतूच हा, की धूर आणि घर वेगळं ठेवायचं. चंद्रपुरात नकाशावर ते वेगळं आहे, हवेत नाही. वीज केंद्र आणि खाणींचे निर्णय शहराच्या हातात कधी नव्हतेच.

चौथी रेषा : नदी

जुलै २०१३ आणि जुलै २०२२ या दोन्ही वर्षी इरईचं पाणी शहराच्या सखल वस्त्यांत शिरलं. वर्धा नदी फुगली की इरईचं पाणी पुढे सरकत नाही, मागे दाबलं जातं. वर इरई धरणाचे दरवाजे उघडले की दोन्हीकडून कोंडी. खाणीच्या मातीचे ढिगारे नदीकाठी टाकल्याने पात्र आकुंचन पावलं, हा स्थानिक पर्यावरणवाद्यांचा जुना आक्षेप आहे.

नियमावलीत नदीसाठी दोन रेषा आहेत. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत घर बांधता येत नाही. बगीचा, पार्किंग, ओट्यांचा उघडा भाजीबाजार, स्मशानभूमी असे वापर चालतात. निळ्या आणि लाल रेषेमध्ये बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच हवं.

नियम चांगला आहे. पण नदीकाठी स्वस्तात प्लॉट पडले ते रेषा येण्याच्या आधी. शेतीच्या जमिनीचे तुकडे करून साध्या स्टॅम्पपेपरवर विकले गेले. रहमतनगरसारख्या वस्त्यांत पुराच्या वेळी बोटी फिरल्या. या लोकांनी 'धोका पत्करून' घर बांधलं असं म्हणणं सोपं आहे. पण बाकीच्या जमिनीवर नझूल, परकोट, खाण आणि जंगल यांच्या रेषा असताना कमी पैशांत जमीन उरते कुठे? मला वाटतं, पूररेषेतली वस्ती हा बाकीच्या सगळ्या रेषांचा परिणाम म्हणून वाचायला हवा. माझं हे म्हणणं गृहीतक आहे, सिद्धान्त नाही. एखाद्याने वॉर्डनिहाय खरेदीखतांची वर्षं आणि पूररेषा एकत्र मांडून ते तपासलं, तर उत्तम पीएचडीचं प्रकरण होईल.

पाचवी रेषा : झुडपी जंगल, आणि गडचिरोली

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. वन संवर्धन कायदा २५ ऑक्टोबर १९८० चा. म्हणजे कायदा आधी आला आणि जिल्हा नंतर. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. जिल्ह्याचं ठिकाण झालं की कलेक्टर ऑफिस, कोर्ट, दवाखाना, क्वार्टर्स, बसस्टँड, आणि त्यांच्या मागोमाग हॉटेलं, दुकानं, भाड्याच्या खोल्या असं सगळं लागतं. जुन्या जिल्हा मुख्यालयांना ही वाढ करताना दिल्लीला विचारावं लागलं नव्हतं. गडचिरोलीत वनजमिनीला हात लावायचा तर केंद्राची मंजुरी. आणि तीन चतुर्थांश जिल्हा जंगल.

त्यात 'झुडपी जंगल' हा पूर्व विदर्भाचा खास पेच. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुली कागदांवर असंख्य जमिनी 'झुडपी जंगल' म्हणून नोंदलेल्या आहेत. मूळ अर्थ साधा : झुडपं असलेली, हलक्या प्रतीची, गावाच्या गुराढोरांना चरायला सोडलेली पडीक जमीन. मालगुजारी १९५१ मध्ये संपली तेव्हा अशा जमिनी सरकारजमा झाल्या. १९५६ मध्ये विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, तेव्हा कागद आणि नोंदी तशाच सोबत आल्या. 'जंगल' हा शब्द कागदावर राहिला. जमिनीवर मात्र घरं झाली, शाळा झाल्या, सरकारी कचेऱ्या झाल्या, स्मशानं झाली.

१२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात जंगल या शब्दाचा अर्थ व्यापक केला. मालकी कुणाचीही असो, सरकारी नोंदीत जंगल म्हटलं असेल तर ते जंगल. एका रात्रीत चरणीच्या जमिनींना नवा कायदेशीर दर्जा मिळाला. पुढे जवळपास तीन दशकं शासन, वनखातं आणि न्यायालय यांच्यात हा विषय फिरत राहिला. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : झुडपी जंगल हे वनच मानायचं. मात्र १९९६ च्या त्या आदेशाआधी सक्षम अधिकाऱ्यांनी ज्या जमिनी वाटल्या, त्यांच्यासाठी राज्याने एकत्रित प्रस्ताव करून केंद्राची मंजुरी घ्यावी, आणि त्यासाठी पर्यायी वनीकरणाची किंवा निव्वळ वर्तमान मूल्य भरण्याची अट लावू नये.

एका माणसाच्या दृष्टीने याचा अर्थ काय, बघा. त्याचं घर विकास आराखड्यात निवासी पट्ट्यात आहे. नगरपरिषद घरपट्टी घेते. वीज आहे, नळ आहे. पण सातबाऱ्यावर झुडपी जंगल. बँक कर्ज देत नाही, बांधकाम परवानगी मिळत नाही. त्याच्या घराचं भविष्य एका तारखेवर अवलंबून आहे, आणि वाटपाचा कागद त्या तारखेच्या आधीचा आहे हे त्याने सिद्ध करायचं आहे. असा कागद शोधणं हे काम खरं तर इतिहास संशोधकाचं. फरक इतकाच की आपल्याला नाही सापडला तर तळटीप लहान होते. त्याला नाही सापडला तर घर जातं.

गडचिरोलीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६ आणि १९७४ मध्ये आलेलं ३६-अ, यांमुळे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला परवानगीशिवाय देता येत नाही. झोननकाशा 'इथे काय बांधायचं' हे सांगतो. हे कलम 'कुणी बांधायचं' हे सांगतं. नगररचनेच्या अभ्यासात ही बाजू बहुतेक वेळा सुटते.

मग युडीसीपीआरने काय बदललं?

१९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा हा सगळ्याचा पाया. त्याने प्रत्येक शहराला विकास आराखडा करायला लावला : आधी सध्याच्या वापराचा नकाशा, मग प्रारूप आराखडा, हरकती-सूचना, सुनावणी, शासनाची मंजुरी. बागेसाठी किंवा शाळेसाठी आरक्षण टाकलं आणि १० वर्षांत जागा घेतली नाही, तर कलम १२७ खाली नोटीस देऊन मालक ते रद्द करून घेऊ शकतो. कलम ३७ खाली मंजूर आराखड्यात फेरबदल करता येतो. चंद्रपूर २०११ मध्ये महापालिका झालं, तरी कायदा हाच.

२०२० च्या नियमावलीचा माझ्या मते सगळ्यात मोठा बदल असा : झोनच्या रंगापेक्षा रस्त्याच्या रुंदीला जास्त वजन आलं. निवासी भागातसुद्धा अरुंद रस्त्यावर फक्त छोटी, रोजच्या गरजेची दुकानं. रुंद रस्त्यावर दवाखाना, हॉटेल, मोठं दुकान, ऑफिस. दाट वस्तीबाहेर महापालिकांना मूळ एफएसआय साधारण १.१ आहे, पण ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर प्रीमियम एफएसआय किंवा टीडीआर मिळत नाही. रस्ता रुंद तितकी उंची जास्त. अग्निशमनाची गाडी आत जायला हवी, हे त्यामागचं रास्त कारण आहे.

पण रस्ता रुंद कुठे आहे? सिव्हिल लाइन्स, नागपूर रोड, मूल रोडकडच्या नव्या लेआउटमध्ये. अरुंद कुठे? परकोटाच्या आत. म्हणजे १८५४ नंतर झालेली आत-बाहेर ही विभागणी २०२० च्या तक्त्यात पुन्हा उमटते. तक्ता करणाऱ्याच्या मनात चांद्याचा इतिहास असण्याचं काही कारण नव्हतं. तरी तो उमटतो. 'तटस्थ' नियमसुद्धा जुनी विषमता पुढे कशी नेतो, हे दाखवायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

दुसरा मुद्दा घर आणि धंदा यांचा. बुरडाचं घर घ्या. अंगणात बांबूचा ढीग, ओट्यावर कमट्या काढायचं काम, दारातच सूप-टोपल्यांची विक्री. घर, कारखाना, गोदाम, दुकान सगळं एका छपराखाली. नियमावलीत सेवा उद्योगांसाठी तक्ता आहे. किती अश्वशक्ती, किती कामगार, किती क्षेत्र यावर परवानगी. बुरडाचा उद्योग विजेशिवाय चालतो, त्यामुळे त्याला मनाई नाही. पण त्याला लागते मोकळी जागा, आणि ती कुठल्याच रकान्यात येत नाही. नवीन घरकुलात वरच्या मजल्यावर फ्लॅट मिळाला तर त्याचा धंदा बसला. तसंच चैत्रातल्या महाकाली यात्रेचं. झरपटच्या काठी काही दिवस अख्खं गाव वसतं : पाली, चुली, खेळण्यांची दुकानं. वर्षातून काही दिवसांचा जमीनवापर दाखवायला झोननकाशाकडे रंगच नाही.

तुम्ही हा विषय घेणार असाल तर

काही गोष्टी सांगतो, ज्या प्रस्ताव लिहिताना उपयोगी पडतील.

पहिली : प्रश्न 'झोनिंगचा विकासावर परिणाम' असा ठेवू नका. तो फार ढोबळ आहे. 'एकाच जागेवर दोन नकाशे वेगळं सांगतात तेव्हा कुणाचा चालतो?' असा ठेवा. मग तुम्हाला खटले, अर्ज, हरकती शोधाव्या लागतील, आणि तिथे माणसं बोलताना सापडतील.

दुसरी : नियम हा पुरावा आहे, पण तो जे व्हायला हवं त्याचा पुरावा आहे. जे झालं त्याचा नाही. बांधकाम परवानगीचं रजिस्टर, नझूलच्या शीट, आखीव पत्रिका, निस्तारपत्रक, वाजिब-उल-अर्ज हे दुसऱ्या बाजूचे कागद. यातले शेवटचे दोन विदर्भाचे खास. चराई, जळाऊ लाकूड, रस्ता, पाणी यांचे गावाचे हक्क त्यांत नोंदलेले असतात. शहर वाढत जाऊन गाव गिळतं तेव्हा हे हक्क कुठे जातात, हा अजून फारसा न लिहिलेला विषय आहे.

तिसरी : प्रारूप आराखडा आणि मंजूर आराखडा शेजारी ठेवा. मधे काय वगळलं, काय घातलं, कुणाच्या हरकतीवर? शहराचं राजकारण त्या फरकात असतं. राजपत्राचे नागपूर विभागाचे जुने अंक त्यासाठी चाळावे लागतील. कंटाळवाणं काम आहे, पर्याय नाही.

चौथी : १९०९ चं गॅझेटियर वापरताना ते कुणासाठी लिहिलं होतं हे विसरू नका. महसुलाच्या नजरेला 'पडीक' दिसलेली जमीन गावाच्या नजरेला चरण होती. झुडपी जंगलाचा सगळा गोंधळ एका अशाच शब्दातून आलेला आहे. एक कारकून नोंद करतो, शंभर वर्षांनी त्या नोंदीवर न्यायालयात वाद होतो.

पाचवी : लोकांकडे जाताना सावध राहा. ज्याचं घर परकोटाच्या पट्ट्यात किंवा झुडपीवर आहे, त्याने तुम्हाला कागद दाखवणं म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा देणं ठरू शकतं. वॉर्ड, शीट, प्लॉट नंबर प्रबंधात तसेच छापू नका. संशोधनाची नीतिमत्ता हा फॉर्ममधला एक रकाना आहे असं आपल्याला वाटतं. इथे ती कुणाच्या तरी छपराची गोष्ट आहे.

चंद्रपूरचा झोननकाशा पुढे बदलेल, आरक्षणं उठतील, रस्ते रुंद होतील. झुडपी जंगलाच्या प्रस्तावांवर येत्या काही वर्षांत निर्णय होतील आणि त्यासाठी तहसील कार्यालयांत जुने कागद उघडले जातील. जे विद्यार्थी आत्ता विषय शोधत आहेत त्यांच्यासाठी ही वेळ चांगली आहे. गठ्ठे कपाटातून बाहेर येत आहेत. ते परत बांधून ठेवायच्या आत कुणीतरी ते वाचायला हवेत.

पुढच्या लेखात आखीव पत्रिका आणि नझूल शीट प्रत्यक्ष कशी वाचायची, त्यातले रकाने आणि संक्षेप यांचा अर्थ काय, हे बघू.